साच्यावरचं कुंकू

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार, डिचोली. सकाळपासून ऊन. पाव घेऊन येणारा पोदेर उशिरा आला. नळाला पाणी नाही. कृष्णनाथ दुपारीच कामावरून परतला. डबा उघडलेला नव्हता.

कृष्णनाथ माझा धाकटा दीर. त्याने लग्न केलं नाही. यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्याची उमेदीची सगळी वर्षं वास्कोला विमानदुरुस्तीत गेली. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि रिव्हेट. पहिली विमानं लाकडाची नि कापडाची होती, असं शाळेत सिस्टरनी सांगितलेलं मी एकदा त्याला बोलले. तो हसला. "वयनी, आता परत कापडच आलंय!"

इथल्या ज्या खासगी कारखान्यात तो नंतर लागला, तिथे विमानाची दारं कार्बनच्या कापडाची होतात. राळ मुरवलेल्या कापडाचे थर साच्यावर एकावर एक बसवायचे आणि भट्टीत भाजायचे.

खंडेनवमीला त्याने साच्याची पूजा केली, वास्कोला हत्यारांची करायचा तशीच. कुंकू, झेंडू, तेलाचं बोट. पत्र्यावरचं तेल पुसलं की संपलं. कार्बनला तेल लागलं तर थर एकमेकांना धरत नाहीत. हे त्याला शिकवलेलं होतं. तरी हात राहिला नाही.

दसऱ्यानंतर त्याच साच्यावर गौरवीने दार घडवलं. पोर लाटंबार्सेची. खाण बंद पडल्यापासून बाप घरी, चूल हिच्या पगारावर. तपासनिसाने दारावर नाणं वाजवलं तर आवाज बद्द आला. आत थर सुटलेले. दार फुकट गेलं, ठपका गौरवीवर. आज तिचा निकाल होता.

"जाऊन खरं ते सांग," सकाळी मी म्हटलं.

"मला काढतील, वयनी. या वयात कोण उभं करणार?"

"आणि तिला काढलं तर?"

तो चपला घालून निघाला.

साहेबांपुढे त्याने सगळं सांगितलं. साहेबांनी गौरवीला बोलावलं. साच्यावर काही दिसलं होतं का?

"कुंकू होतं. तेल पण. मी पुसलं."

"कळवलं का नाहीस?"

"काकांनी देवाचं म्हणून लावलेलं. त्याची तक्रार कशी करू?"

पुसलं त्याच हातमोज्यांनी तिने थर बसवले होते.

"एकाने लावलं, एकीने झाकलं," साहेब म्हणाले. "दोघंही उद्यापासून येऊ नका."

फाटकाबाहेर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, माझ्या आवयला, आईला, तुम्हीच सांगा. माझ्यानं जमायचं नाही."

हे सगळं सांगून कृष्णनाथ म्हणाला, "मी तिला सोडवायला गेलेलो, वयनी. गप्प राहिलो असतो तर कदाचित ताकीद देऊन सोडली असती."

मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

चार वाजता तो लाटंबार्सेला जायला निघाला. दिवेलागणीला परत आला. तिच्या दारापर्यंत गेला होता. तिची आई अंगणात सुपारी सोलत होती, ती "या, बसा" म्हणाली, आणि हा नोकरीचं न सांगताच पाणी पिऊन परतला.

पेज दोघांची केली होती. त्याची झाकून ठेवली.