बटण दाबलं तरी बंद न होणारी गाडी

डिपस्टिकवर, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. मी डिपस्टिक पुसली, परत घातली, परत काढली. तेवढंच.

“ऑइल जास्त आहे,” मी म्हणालो.

“चार महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग केलंय,” पाटकर म्हणाले. “गॅरेजवाल्याने ओतलं असेल थोडं जास्त.”

असं होतं कधीकधी. मी बॉनेट लावलं.

पोलादपूर स्टँडच्या बाहेर, सकाळी दहाच्या सुमाराची गोष्ट. गाडी पाटकरांची. कॉम्पॅक्ट एसयूव्ही, म्हणजे दिसायला जीप आणि आतून छोटी कार. आजकाल अर्ध्या गिऱ्हाइकांना हीच हवी असते. पाटकर बिरवाडीला राहायचे, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होते. बदली गुजरातला झाली, म्हणून गाडी विकायला काढलेली. डिझेल, सहा गिअर, चार वर्षांत फक्त अकरा हजार किलोमीटर. आत सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

माझं काम जुन्या गाड्या तपासायचं. सोळा वर्षं एका सर्व्हिस सेंटरला काढली, आता महाडात स्वतंत्र करतो. कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला बोलावतात. मी बघतो आणि घ्या किंवा सोडा सांगतो.

घेणारे होते महेश सकपाळ. मुंबईला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. पण गाडी चालवणार होती त्यांची बायको, कल्पनाताई. महेशच्या वडिलांच्या, अण्णांच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा महाडला डायलिसिस. वर्षभर ते शेजारच्या वडापच्या, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या, जीपने जायचे. पावसाळ्यात एकदा जीप वाटेत बंद पडली आणि डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या छातीत पाणी झालं. श्वास घेता येईना. वाचले कसेबसे. त्यानंतर कल्पनाताईंनी महाडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, लायसन्स काढलं.

फोनवर त्या मला एवढंच बोलल्या होत्या, “भाऊ, गाडी दिसायला कशी पण असू दे. वाटेत बंद पडायला नको.”

महेशचं डिझेलवर ठरलेलं होतं. “घाटात ओढते, अॅव्हरेज देते. पेट्रोल काय, चढावर रडतं.” तसं पूर्ण चूक नव्हतं ते. डिझेलला खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरतानाही, ताकद असते, चढाला बरं पडतं. त्यात महेशला त्याच दिवशी दुपारच्या गाडीने मुंबईला परतायचं होतं. स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला विचारलं, काही दुखतंय का. त्याने सांगितलं, काही नाही. मीही पुढे विचारलं नाही.

“घाटात नेऊ,” मी म्हणालो. “पाचही जण बसू. लोडवर, ओझ्यावर गाडी कळते.”

हे वाक्य माझं. दुसऱ्या कोणाचं नाही.

कल्पनाताई ड्रायव्हिंगला बसल्या, मी शेजारी. मागे उजवीकडे अण्णा, मध्ये महेश, डावीकडे पाटकर. अण्णांना यायची काही गरज नव्हती, पण ते ऐकेनात. “माझ्यासाठी घेताय ना? मग मला बसून बघू दे.”

आंबेनळी घाटाला लागलो. रस्ता अरुंद, गवत पिवळं पडलेलं. कल्पनाताई हळू, नीट चालवत होत्या. गिअर बदलताना ओठ हलायचे, मनात आकडे म्हणत असाव्यात. तीन-चार वळणं झाली. गाडी मस्त ओढत होती. महेश मागून म्हणाला, “बघा, म्हटलं नव्हतं?”

“ताई, पुढच्या चढावर दुसऱ्या गिअरला ठेवा आणि पूर्ण अॅक्सिलरेटर द्या,” मी म्हणालो.

त्यांनी दिला. इंजिनाचा आवाज चढला. वळण आलं, त्यांनी पाय काढला. आवाज उतरला नाही.

आधी मला वाटलं, पायातली मॅट पेडलवर अडकली. वाकून बघितलं. मॅट जागेवर होती, पेडल पूर्ण वर होतं. आरपीएमचा काटा चार हजारावर, आणि वर सरकत होता. आरशात बघितलं तर मागे काहीच दिसेना. पांढरा धूर, नुसता धूर.

“भाऊ, मी काय नाय करत!” कल्पनाताई ओरडल्या. “आपोआप पळतेय!”

“ब्रेक दाबा. जोरात.”

त्यांनी ब्रेक दाबला आणि सवयीने क्लचही. क्लच दाबल्याबरोबर इंजिनावरचं ओझं गेलं आणि ते किंचाळायला लागलं. गाडी थांबली. पुढे वळणाला दरी, मध्ये अर्धा ढासळलेला कठडा. काटा पाच हजाराच्या पुढे.

“बंद करा, बटण दाबा!” पाटकर मागून ओरडले.

मी हात लांब करून स्टार्ट-स्टॉपचं बटण दाबलं. डॅशबोर्ड विझला. इंजिन चालूच.

चावी नाही, बटण नाही, आणि गाडी चालू. ज्याला यातलं माहीत नाही त्याला हे भुताटकीसारखंच वाटणार.

मला माहीत होतं. डिझेल रनअवे. पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालतं, बटण बंद केलं की ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबाच्या उष्णतेने डिझेल पेटतं. डिझेल तोडलं की ते थांबतं. पण त्याला दुसरीकडून काही जळणारं मिळालं, तर ते चालत राहतं. या गाडीला स्वतःचंच इंजिन ऑइल मिळत होतं. ऑइल हवेच्या वाटेने आत ओढलं जात होतं आणि इंजिन ते जाळत होतं. असं इंजिन एक तर ऑइल संपून जाम होतं, नाही तर फुटतं. फुटलं की लोखंडाचे तुकडे ब्लॉक फोडून बाहेर येतात, आणि गरम ऑइल आजूबाजूला पेट घेतं. हातात फार तर मिनिट असतं. सोळा वर्षांत मी हे दोनदा बघितलं होतं. दोन्ही वेळा वर्कशॉपमध्ये, सपाट फरशीवर.

“सगळे खाली उतरा. डावीकडून. ताई, तुम्ही नाही. तुम्ही ब्रेक सोडायचा नाही.”

पाटकर उतरले. धुरातून मागे पळाले, मागून येणाऱ्या टेम्पोला हात करत. ते त्यांना सुचलं, हे मला आजही त्यांच्या बाजूने सांगावंसं वाटतं. महेशने अण्णांना सीटवरून ओढायला सुरुवात केली.

“अहो, डावा हात नका धरू त्यांचा!” कल्पनाताई समोर बघतच ओरडल्या. डायलिसिसची सुई लावायला अण्णांच्या डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून धमनीला जोडलेली होती. त्या हाताला धक्का चालत नाही. अशा वेळी हे त्यांच्या लक्षात होतं. माझ्या नव्हतं.

अण्णा उतरेनात. “पोरीला सोडून मी नाय उतरायचा.”

“अण्णा, उतरा!” त्या इतक्या जोरात ओरडल्या की म्हातारा मुकाट उतरला.

आता आत आम्ही दोघं. इंजिन बंद करायचा एकच मार्ग राहिला होता. मोठा गिअर टाकायचा, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा. म्हणजे इंजिनाला थांबलेल्या चाकांशी जबरदस्तीने बांधायचं. ते ओझं त्याला ओढता येत नाही, आणि ते मरतं. मी हे केलं असतं. पण जागा बदलायची तर त्यांना ब्रेकवरून पाय काढावा लागणार, चढावर, नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर. तेवढा वेळही नव्हता.

“ताई, ऐका. मी गिअर टाकतो. सहावा. तुमचा उजवा पाय ब्रेकवर, जितकी ताकद असेल तितकी. मी म्हटलं की डावा पाय क्लचवरून काढायचा.”

“गाडी पुढं जाईल.”

“नाही जाणार. ब्रेक धरलात तर नाही जाणार.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हणालो. मला नक्की नव्हतं.

गिअर आत जाईना. दातांचा कर्र आवाज आला. दोन्ही हातांनी ढकलला, तेव्हा बसला. हँडब्रेकही वर ओढून धरला.

“सोडा!”

त्यांनी सोडला, पण हळू. शिकवतात तसा, अलगद. गाडी थरथरली, क्लच जळाल्याचा वास आला. इंजिन दबलं आणि परत उसळलं. गाडी वीतभर पुढे सरकली. त्यांनी परत क्लच दाबला.

“अलगद नाही, ताई. झटक्यात! पाय मागे घ्या एकदम, चटका बसल्यासारखा!”

त्यांनी डोळे मिटले. मी म्हणणार होतो, मिटू नका. तेवढ्यात त्यांनी पाय काढला.

गाडीला असा हिसका बसला की माझं डोकं काचेवर आदळलं. आणि शांत. एकदम. घाटात कुठेतरी पक्षी ओरडत होता, तोसुद्धा ऐकू आला.

“ब्रेक सोडू नका अजून,” मी म्हणालो. महेशने चाकांमागे दगड लावले. मग त्यांनी पाय काढला. त्या उतरल्या. रस्त्याच्या कडेला बसल्या, आणि अण्णा त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

थोड्या वेळाने मी बॉनेट उघडलं. हवेचा पाइप सोडला, आतून ऑइल धार लागून खाली आलं. बोटावर घेतलं, नाकाला लावलं. डिझेलचा भपकारा. हाच वास स्टँडवर घ्यायचा होता.

“पाटकर, डॅशबोर्डवर कधी कुठला दिवा लागत होता का?”

ते म्हणाले, “फिल्टरचा. तीन महिने. इथल्या एकाने कॉम्प्युटरवरून घालवून दिला. तो म्हणाला, सेन्सरचं काहीतरी आहे. मला खरंच वाटलं सेन्सर आहे.”

सोप्या भाषेत सांगतो. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत एक फिल्टर असतो, डीपीएफ. तो काजळी अडवतो. भरला की गाडी जास्तीचं डिझेल टाकून त्याला तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते. पाटकरांची गाडी घर ते कारखाना, चार किलोमीटर जायची, चार किलोमीटर यायची. फिल्टर साफ व्हायला सुरुवात व्हायची आणि कारखान्याचं गेट यायचं. ते जास्तीचं डिझेल मग इंजिनात खाली उतरून ऑइलमध्ये मिसळायचं. म्हणून ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं. कोणी जास्त ओतलेलं नव्हतं. आम्ही सगळे ज्या अकरा हजार किलोमीटरवर खूश होतो, तोच रोग होता.

कल्पनाताई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही मगाशी म्हटलात ना, ऑइल जास्त हाय?”

“म्हटलं होतं.”

“मग चढवलंत कशाला आम्हाला?”

महेश मध्ये पडायला लागला, “अगं, त्यांनीच तर वाचवलं...”

“त्यांना सांगू दे.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो. “दिसलं होतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. घाई केली.”

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही तसं समजलो नाही.

पाटकरांची गाडी टो करून नेली. इंजिन गेलेलं होतं. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही.

मला वाटलं, सकपाळ आता दुसऱ्याला बोलावतील. आठ दिवसांनी कल्पनाताईंचाच फोन आला. “शोधताय ना?”

शोधत होतो. वरंधला एका निवृत्त शिक्षकांकडे तशीच छोटी एसयूव्ही मिळाली. साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, गिअर हाताचे. ब्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली. रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा. पण प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल तारीखवार लावलेलं, आणि मास्तर दर आठवड्याला भोरला मुलीकडे घाटातून जाऊन यायचे. महेश फोनवर कुरकुरला, “ब्याऐंशी हजार? आणि पेट्रोल? घाटात ओढेल का?”

“एक गिअर खाली टाकावा लागेल,” मी म्हणालो. “बाकी ओढेल.”

फोन कल्पनाताईंनी घेतला. “बटण दाबल्यावर बंद होते का?”

“होते.”

“मग झालं.”

ट्रायलच्या दिवशी त्या आल्या, पण चालवायला लगेच तयार नव्हत्या. मी म्हटलं, तुम्ही इथे थांबा. मी एकटा वरंधा घाटात गेलो, वरपर्यंत, जोरात, हळू, सगळं करून तासाभराने परत आलो. गाडी त्यांच्यासमोर बंद केली. परत चालू केली. परत बंद केली. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, “सरका आता.”

ती गाडी आता वाडीवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार महाडला जाते आणि येते. अण्णा पुढच्या सीटवर बसतात, आणि ताईंनी गिअर उशिरा टाकला की टोकतात. एकही डायलिसिस चुकलेलं नाही.

तेव्हापासून नियम एकच. तपासायला आलेल्या गाडीची चढावरची पहिली ट्रायल मी एकटा घेतो. मालकाला वाटतं मी संशय घेतोय, गिऱ्हाइकाला वाटतं मी त्यांना बसू देत नाही. दोघांनाही वाईट वाटतं. वाईट वाटायचं ते रस्त्याच्या कडेला उभं राहून वाटू दे.