बर्फाच्या बेटावरचे किडे, आरमोरीत

आमच्या आरमोरीच्या घरात एका उन्हाळ्यात बर्फाच्या बेटावरचे किडे राहायला होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "जिवंत?" नाही हो, मेलेले. काचेच्या बारीक कुप्यांत, स्पिरिटमध्ये बुडवलेले. बेचाळीस कुप्या होत्या. बाहेर अंगणात पाय ठेवला तर तळवा भाजायचा, आणि आत माठाखालच्या ओल्या पोत्यावर हे पाहुणे.

मी तेव्हा नागपूरला पीएचडीला नुकतीच लागले होते. त्याआधी एम.एस्सी.साठी मी आलापल्लीच्या सागवानाखालचा पाला पोत्यांनी आणून चाळला होता आणि त्यातले स्प्रिंगटेल मोजले होते. स्प्रिंगटेल म्हणजे मातीत राहणारा, तिळाहून लहान किडा, पोटाखालच्या काडीनं टुणकन उडी मारणारा. आमच्या सरांचे एक मित्र जहाजावरून दूर दक्षिणेच्या समुद्रात गेले होते. वाटेत जहाज एका बेटाला लागलं. झाड नाही, माणूस नाही, नुसता वारा, शेवाळ आणि बर्फ. त्यांनी तिथलं शेवाळ झटकून, दगड उलटून मिळाले ते किडे भरून आणले आणि सरांना दिले. सरांनी मला दिले. "तुझी नजर बारीक आहे," म्हणाले. "या कुप्या नीट ओळखून दिल्यास तर तुझा प्रबंध यावरच होईल. पण सांभाळ. ते गृहस्थ परत तिकडे जायचे नाहीत."

सुट्टीत होस्टेल बंद, लॅबमध्ये रंगाचं काम. म्हणून जुना मायक्रोस्कोप आणि कुप्या घेऊन मी घरी आले.

अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, मान खाली. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे बाप असेच बसतात. आमच्यात घरी हिंदी चालते, बाहेर झाडीपट्टीची मराठी. अब्बा दोन्ही एकाच वाक्यात बोलायचे. कुप्या आल्या त्या दिवशी त्यांनी आपलं भिंग लावून एक कुपी उजेडाकडे धरली. आत माशी होती, पण तिला पंख नव्हते.

"हिचे पंख तोडले काय कोणी?"

मी सांगितलं, तिथे वारा एवढा की उडणारी माशी समुद्रात जाऊन पडते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पंखच गेले. आता त्या चालतात.

"हुशार आहे," अब्बा म्हणाले. मग जरा थांबून, "यायले गर्मी नाई होत असन इथी?"

"मेलेत अब्बा."

"तरी पण." आणि त्यांनीच ते ओलं पोतं आणून माठाखाली अंथरलं.

आठवडाभर काम बरं चाललं. मग बहिणीच्या सासरहून, सावली गावाहून निरोप आला, तिचे दिवस भरले. अम्मी नव्हती, म्हणजे जाणार कोण, मीच. निघताना मी प्रत्येक कुपीवर पेनानं रेघ मारली आणि अब्बांना सांगितलं, "उन्हानं स्पिरिट उडतं. रेघेखाली गेलं की या मोठ्या बाटलीतलं टाकायचं. कोरडे पडले की माझं सगळं संपलं." हे शेवटचं वाक्य मी बोलले. नसतं बोलले तर बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट. त्या मोठ्या बाटलीचं झाकण मीच सैल ठेवलं. सकाळची एसटी गाठायची होती, मी घाईत दोन कुप्या भरल्या, झाकण नुसतं वर टेकवलं आणि निघाले. हे मला सावलीला दुसऱ्याच दिवशी आठवलं. बहीण कळा देत होती. मी म्हटलं, बघू.

परत आले ती अठराव्या दिवशी. बाळाला कावीळ झाली, माझं येणं लांबलं. अब्बा दारातच उभे होते. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बेटा, एक पण कोरडी नाई होऊ दिली," म्हणाले. बेचाळीसच्या बेचाळीस कुप्या काठोकाठ भरलेल्या. आणि घरात मोहाच्या दारूचा वास.

माझा बाप पाच वेळा नमाज पढणारा माणूस. लग्नात कोणी पिऊन आलेलं दिसलं तर ताट सोडून उठणारा. त्यांनी काय केलं ते त्यांनीच मला हौसेनं सांगितलं. चौथ्या दिवशी बाटली रिकामी दिसली. औषधाच्या दुकानात गेले. जिल्ह्यात दारूबंदी, चिठ्ठीशिवाय स्पिरिट मिळत नाही म्हणाले. नदीपलीकडे ब्रह्मपुरीला जाऊन आले, तिथेही कॉलेजचं पत्र मागितलं. दारूच्या दुकानासमोर उभे राहिले, तर काचेतली सगळी दारू लाल. "किडे रंगले असते ना." तेव्हा त्यांना आठवले जंगलातल्या गावचे एक म्हातारबा. त्यांचा रेडिओ अब्बांनी एकदा बसून दुरुस्त करून दिला होता. अब्बा सायकल मारत तिकडे गेले, मे महिन्याच्या उन्हात, वय साठीला आलेलं.

म्हातारबा चाट पडले. "भाऊ, तुम्ही? तुमाले काऊन पायजे?"

"मले नाई, पोरीच्या किड्यायले."

म्हातारबांच्या घरी देवपूजेसाठी ठेवलेली होती. ती विकायची नाही म्हणाले, पण पोरीच्या शिक्षणाचं काम आहे तर घेऊन जा. आधी चार थेंब जमिनीला वाहिले, हात जोडले, मग बाटली दिली. पहिल्या धारेची. अब्बांनी तिथेच चमच्यात घेऊन काडी लावली. निळी ज्योत. "तुझ्या स्पिरिटची पण निळीच असते, मी पाह्यली होती," अब्बा मला म्हणाले. "रंग नाई, जळते बी तशीच. मंग एकच झालं ना?"

एकच नव्हतं. जळते म्हणून काय झालं? तिच्यात पाणी किती, मोहाच्या फुलाचं तेल किती, हे त्या माणसाला कुठून कळणार? आमच्या भागात पहिल्या धारेची म्हणजे शेवटचा शब्द. जखमेवर तीच, सर्दीवर तीच. त्यांनी विश्वास ठेवला तर त्यात चूक तरी कसली?

मी मायक्रोस्कोप लावला. अब्बा मागे उभे. पहिली कुपी, पांढरा गढूळपणा. दुसरी, सुटे पाय, सुट्या मिशा, धड कशाचं ते कळत नाही. बिनपंखांची माशी साबुदाण्यासारखी फुगली होती, चिमटा लावला तर विरघळली. मी एक एक करून सगळ्या पाहिल्या. बेचाळीसही. घाईनं नाही, नीट पाहिल्या. राग येईल म्हणून मी वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू. आला नाही. रडू पण आलं नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात आपला राहत नाही ना, तशी मी बसले होते.

"ठीक हाय ना?" अब्बांनी विचारलं.

"ठीक आहेत," मी म्हटलं.

याच्यापुढे सगळं सोपं गेलं. नागपूरला सरांनी चार कुप्या पाहिल्या, पाचवी उचलून परत ठेवली. "होतं असं," म्हणाले. ओरडले नाहीत तेही. पुढच्या वर्षी त्यांनी माझ्या जागी दुसरा मुलगा घेतला. मी बी.एड. केलं आणि गडचिरोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. कीटकांचे तीन भाग, डोके, वक्ष, उदर. दरवर्षी तेच. अब्बांना सांगितलं, नोकरी चांगली आहे, पीएचडी काय, मागून होईल. तुमच्या कुप्या सरांनी कपाटात ठेवल्यात, लोक पाहायला येतात. हे मी का जोडलं माहीत नाही. एकदा जोडलं की मग काढता येत नाही.

आणि तिकडे काय झालं होतं, तर सायकलला बांधलेली बाटली मशिदीच्या गल्लीत हिंदकळली होती. मोहाचा वास लपत नाही, या जिल्ह्यात तर लहान पोर ओळखतं. कोणी तोंडावर काही बोललं नाही. एकानं थट्टा केली, "क्या चाचा, उमर में शौक आया?" एवढंच. अब्बा वर्षानुवर्षं पहाटेची, फजरची अजान द्यायचे, हौसेनं, आवाज चांगला होता. ती त्यांनी आपणहून सोडली. नमाजला शेवटच्या ओळीत उभे राहायला लागले. मी म्हटलं, सांगा ना लोकांना, किड्यांसाठी होती. तर म्हणाले, "जाऊ दे ना. तुझं काम झालं ना? बस झालं." मग मी कोणत्या तोंडानं सांगणार होते की झालं नाही म्हणून?

दर ईदला विचारायचे, "किडे ठीक हाय ना तुये?"

"ठीक आहेत अब्बा."

आठ-नऊ वर्षं हे चाललं. मग त्यांचा दमा वाढला. दुकान बंद झालं, मी त्यांना गडचिरोलीला माझ्या खोलीवर आणलं. एका रविवारी दुपारी मी वह्या तपासत बसले होते, ते खाटेवर टेकून. म्हटलं झोपले असतील.

"मोहाची टाकली ना, ते किडे तिसऱ्याच दिवशी पांढरे पडले होते," अब्बा म्हणाले.

मी लाल पेन खाली ठेवलं.

"मी भिंग लावून रोज पाहून राह्यलो होतो ना. माशी फुगली, मले समजलं. घड्याळात चुकीचं तेल पडलं तर मले समजत नाई काय? मंग मी अजून भरत गेलो. काय करू, कोरडे पडले तर संपलं म्हणालती तू."

"मग सांगितलं का नाही?"

"तोंडातून निघालं नाई, दारात नुसतं हसून दाखवलं. तूच सांगशीन म्हटलं. तू येशीन, पाह्यशीन, ओरडशीन. मी तयारी करून उभा होतो मागं. तू म्हणाली, ठीक आहेत." त्यांना धाप लागली. मी उठले नाही, ते बोलत राहिले. "एकदा तरी ओरडायचं होतं ना बेटा. तू ओरडली असती तं मी माफी मागितली असती. तू मले मागूच नाई दिली. नऊ वर्सं मी ईदला विचारून राह्यलो."

मला वाटत होतं मी त्यांना वाचवत होते.

झाकणाचं सांगायची ती वेळ होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, अब्बा, बाटली मीच उघडी टाकून गेले होते, तुमचा काही गुन्हा नाही, माफी मी मागायची. छोटं वाक्य होतं. अब्बा माझ्याकडे बघत होते, भिंग नसलेल्या उघड्या डोळ्यांनी, आणि वाट पाहत होते. मला दिसत होतं ते वाट पाहतायत.

"अब्बा," मी म्हटलं, "दुपारची गोळी राहिली तुमची."

मी उठून पाकिटातली गोळी काढली. मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी जिभेवर गोळी ठेवली.