ओवाळणीची सही

समीक्षा आमच्याच मजल्यावर राहते, डोंबिवली पूर्वेला. घरी बसून मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, काम देणारे सगळे परदेशातले. पोरगी गुणाची, पण एक खोड. समोरचा मराठी बोलला की करार मागायला लाजायची. कॅनडात मराठी पुस्तकं छापणारा हर्षित पहिल्याच कॉलवर म्हणाला, "अगं ताई, आपल्यात कसला कागद?" झालं, ही विरघळली. त्याला दादा म्हणायला लागली, भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर ओवाळायला लागली. हसू नका, मोबाईल धरून मीच उभी असायचे.

त्याच्या पुस्तकासाठी तिनं आपल्या आजीची, हौसाबाईची, मिठागरातली सगळी जिंदगी रंगवली. उन्हात पांढरे ढीग, डोक्यावर टोपली, भेगाळलेले पाय. पुस्तक छापून आलं. चित्रं हिची, नाव त्याच्या बायकोचं, रुपालीचं. हौसाबाईला वाचता येत नाही. तिनं पानं उलटली, स्वतःला ओळखलं आणि विचारलं, "यान तुजा नाव कुठं हाय गो?" समीक्षानं पुस्तक मिटून ठेवलं. मेल्याचं नरडं दाबावं असं मला वाटलं.

हर्षितला विचारलं तर म्हणे, घरातल्या घरात नाव काय घेऊन बसलीस?

ती भांडली नाही. मला वाटलं, गिळलंन बाईनं. कसलं गिळतेय. त्यानं दुसरं पुस्तक मागितलं तेव्हा गोड आवाजात हो म्हणाली, कल्याणच्या एका वकीलबाईंकडून करार लिहून घेतला आणि भाऊबीजेची वाट बघत बसली.

ओवाळून झाल्यावर म्हणाली, "दादा, ओवाळणी हवी."

"माग की."

"करार पाठवलाय, त्यावर सही कर. पण आधी वाच."

"ओवाळणी कोण वाचून देतं गं?" तो हसला.

"वाच रे दादा."

त्यानं न वाचताच स्क्रीनवर बोट फिरवून सही केली. तिच्या हातातलं निरांजन जरासुद्धा हललं नाही.

करारात एवढंच होतं: मुखपृष्ठावर समीक्षाचं नाव नसेल, तर दोन्ही पुस्तकांच्या चित्रांचे हक्क तिचे आणि तिच्या परवानगीशिवाय एकही प्रत विकायची नाही.

सवय जाते कुठे. दुसऱ्या पुस्तकावरही रुपालीच. तिकडच्या मराठी मंडळानं प्रकाशनाचा सोहळा ठेवलेला, पाहुणे बोलावलेले. समीक्षा त्याच दिवसाची वाट बघत होती. सकाळीच तिनं करार मंडळाला धाडला. सोहळा रद्द, पुस्तकांची खोकी बंद. चांगली जिरली. मी मजल्यावर पेढे वाटले.

लगेच त्याचा फोन. "ताई, आपल्यात वकील कशाला? हे एवढं जाऊ दे, पुढच्या वेळी नाव टाकतो."

"दोन्ही पुस्तकं नव्यानं छाप, माझ्या नावानं. मग बोलू."

"तू मला ओवाळलंस गं."

"आणि तू ओवाळणी दिलीस."

त्याला छापावीच लागली. नवी प्रत आली तेव्हा समीक्षानं आजीचं बोट धरून मुखपृष्ठावर टेकवलं. म्हातारी त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

यंदा भाऊबीजेला समीक्षानं पुन्हा ताट सजवलं. मी म्हटलं, "अगं, आता कशाला?"

"भाऊ आहे ना माझा," ती म्हणाली आणि मला कॉल लावायला सांगितलं. तो उचलेना. रिंग संपेपर्यंत ती पेटतं निरांजन घेऊन उभी राहिली. मग मला म्हणाली, "परत लाव."