सुईणबाई आणि शेवटची लाँच

सुईणबाईंच्या मुलाचा जीव नुसता टांगणीला लागला होता. तो बसचा ड्रायव्हर, दोन मिनिटं उशीर झाला तरी तो दहादा घड्याळ बघायचा. आणि इथं पक्ष्यांच्या बेटावरून परतायची शेवटची लाँच भोंगा देत होती, तरी आई आपली वाटेवर उकिडवी बसलेली. दोन हातांवर दगडांत एक समुद्रपक्षीण अंड्यावरून उठून कावरीबावरी झाली होती, आणि अंड्याला चीर गेली होती.

"आई, ऊठ गं! पोरं लाँचमध्ये बसलीत, ती जाईल निघून!"

"जाऊ दे. अडलेलीला टाकून मी आजवर उठले नाही."

"अगं, पाखरू आहे ते!"

"तू पायाळू, तूही दीड दिवस अडलास. तेव्हा माझी सुईण घड्याळ बघून उठली असती म्हणजे?"

दुसरा भोंगा झाला. तेवढ्यात कवच फुटलं, ओली मान बाहेर आली आणि पिल्लू चिरकलं.

"रडलं गं बाई!" म्हणत आई उठायला गेली, तर गुडघे धरलेले. मग काय, त्यानं तिला पाठुंगळी घेतलं आणि पळत सुटला.

"हळू रे," पाठीवरून आई ओरडली, "पायाखाली बघ, वाटेत आणखी बाळंतिणी बसल्यात!"

दोर सोडणाऱ्या लाँचवाल्यानं ही वरात पाहिली आणि हसत हसत दोर पुन्हा बांधला.