भावोजींच्या बोटांची वही

३ मार्चला मी अठ्ठेचाळीस रुपयांची वही आणली आणि तिच्यात तीन रकाने आखले: तारीख, दुखणं, मूड. वही माझ्या भावोजींच्या बोटांसाठी होती. भावोजी कुलपं दुरुस्त करतात आणि बारा वर्षं संधिवात सांभाळतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज शून्य ते दहामधला आकडा लिहा. सहा आठवड्यांत तो उतरला नाही, तर कानस खाली ठेवायची आणि दुकान बंद करायचं.

कानस धरता आली तरी बारीक पेनाभोवती बोटं वळत नसल्याने लिहायचं काम ताईकडे आलं. ताई भाजीवालीशी वागते तशीच दुखण्याशीही वागली.

"आठ लिही."

"आठ कसले? सकाळी शिट्टी वाजवत होतात. पाच."

"सात. बोटं माझी आहेत."

"वही माझ्या भावाची आहे. सहा घ्या आणि गप्प बसा."

मूडचा रकाना ती कुणाला न विचारता भरायची: 'तोंड फुगलेलं', 'बरं', 'गुणगुणणं'.

पंधरा दिवसांनी मी रकाने ताडून पाहिले. नुसत्या डुप्लिकेट किल्ल्या कापल्या, त्या दिवशी तोंड फुगलेलं आणि आकडा आठ. एका दुकानदाराची अडलेली तिजोरी तीन तास खपून उघडली, त्या दिवशी गुणगुणणं आणि आकडा तीन. मी हे ताईला दाखवलं. ती माझी चूक.

दुसऱ्याच दिवशी घरच्या कपाटाचं कुलूप अडलं. मग शेजारणीच्या ट्रंकेचं. मग जिन्याखालच्या खोलीचं. भावोजी डोळ्याला भिंग लावून "काय एकेक गाढव असतं" म्हणत खुशीत बसायचे. आकडा चारवर आला, तोही घासाघीस न करता.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी वही वाचली, पेरं दाबून पाहिली. म्हणाले, "सूज आहेच, गोळ्या चालू राहतील. पण मन खट्टू झालं की दुखणं जास्त जाणवतं, आणि दुखलं की मन आणखी खट्टू होतं. तो फेरा थोडा सुटलाय. दुकान चालवा, मधेमधे हाताला विश्रांती द्या."

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "नऊ कुलपं अडली. आठांत काडेपेटीच्या काडीचा तुकडा. चोर घरातलाच आहे."

"कधी कळलं?" ताईने विचारलं.

"दुसऱ्या कुलपाला."

"मग बोलला का नाहीत?"

"तिसरं चांगलं अडवलं होतंस. म्हटलं, हात बसतोय, बसू दे."

मग ते माझ्याकडे वळले. "मेहुणे, नववं तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरचं. त्यात डिंक होता. डिंकाचे जास्त पडतात."

एकशे वीस रुपये झाले. ते मी अजून दिलेले नाहीत.