कासमचाचांनी घासलेली निब

भद्रकालीच्या देवळाजवळचे कासमचाचा दुरुस्तीला आलेल्या पेनाकडे आधी बघायचेच नाहीत. आधी माणसाची बोटं बघायचे. "हात कळल्याशिवाय निबेला काय सांगू?" असं त्यांचं म्हणणं. लोक चिडत, पण जात त्यांच्याकडेच.

सन पस्तीसच्या आसपास मी त्यांच्यापुढे जाऊन बसले ती घाबरीघुबरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी सातवीची, फायनलची परीक्षा. पास झाले तर मास्तरीण होणार. नापास झाले तर सायखेड्याला सासरी, विधवा सून म्हणून जन्मभर चुलीपुढे. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. पेपर त्यांच्याच पेनाने लिहायचा, हा माझा खुळा हट्ट. ट्रंकेतून काढलं, तर ते ओळीओळीला कागद ओरबाडायला लागलं.

चाचांनी माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या. मग निब डोळ्याशी धरून दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली.

"बिघडलेलं काय नाय, बेटी. ही त्यांच्या हाताने झिजलीय. ते आडवं धरायचे, तू उभं धरतेस. तुझ्यासाठी घासली, तर त्यांचा हात गेला."

"न घासता नाही का चालणार?"

"तीन तास? नाय. उद्या माझं पेन ने. हे असंच ठेव."

मला संतापच आला. पेन परत घ्यायला मी हात पुढे केला. चाचा म्हणाले, "त्यांची पत्रं हायेत?"

"आहेत. अकरा."

"मग त्यांचा हात तिथं हाय. इथं कशाला कोंडतेस?"

"घासा," मी म्हटलं.

"पुन्हा बोल. गेलेलं मला परत आणता येत नाय."

"घासा म्हटलं ना!"

निब दगडावर फिरू लागली. तो बारीक आवाज मला ऐकवेना. रस्त्याकडे तोंड करून मी रडले. चाचा थांबले नाहीत, समजूत घालायलाही नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

"नाव लिही. पूर्ण."

नवऱ्याचं नाव बाईने तोंडाने घ्यायचं नाही. आणि ते गेल्यापासून घरात माझ्यासमोर कुणीच घेत नव्हतं. मी माझं नाव लिहिलं, मग त्यांचं, मग आडनाव. निब कुठेही अडली नाही.

चाचांनी कागद उजेडात धरला आणि मोठ्यांदा वाचला.

"सुमती विनायक वैद्य. उद्या पेपरावर असंच लिही."

दोन वर्षांनी ते नाव माझ्या कानावर पडलं होतं.