तीन हजारांतले दीडशे

फोटो स्टुडिओत फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फोटो डिलीट तरी करता येतात!

आमचा स्टुडिओ रहिमतपुरात. मालक बापू फोटो काढतात, मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम बनवतो. नववीनंतर शाळा सुटली. अनोळखी गिऱ्हाईक दारात दिसलं की अजून मी मागच्या खोलीत पळतो. पण मनातून कॅमेरा हातात हवा होता.

एका लग्नाचे तीन हजार फोटो निघतात, अल्बमात बसतात दीडशे. कोणते दीडशे, ते घरच्यांनी सांगायचं. आम्ही त्याला सिलेक्शन म्हणतो. कुणी चॉईस म्हणतं, कुणी पसंती, कुणी निवड. शब्द भरपूर, करत कुणीच नाही! पोरगं बालवाडीत जायला लागतं, तरी आईबापाचा अल्बम आमच्या कॉम्प्युटरातच.

गणपतीत बापू म्हणाले, "पाच अल्बम तुंबल्यात. लग्नसराईच्या आत घालव, कॅमेरा तुझ्या गळ्यात. न्हाई जमलं तर हायेच की कॉम्प्युटर!"

म्हणजे मला फोन करावे लागणार होते. माणसांना!

*

पहिला फोन एका मास्तरांना. "सर, निवड झाली का?" हे वाक्य मी आधी वहीत लिहून घेतलं.

सर म्हणाले, "निवड अवघड जाते. त्यापेक्षा नको असलेले काढून टाकतो."

संध्याकाळी यादी आली. तीन हजारांत नको असलेले फोटो, सात!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मॅडमचा मेसेज, "त्यातले चार राहू द्या."

शेवटी मीच दीडशे लावून पाठवले. सरांचं उत्तर आलं, "अगदी आमच्या मनातले! आम्हीसुद्धा हेच निवडत होतो."

*

दुसऱ्या अल्बमासाठी नवरदेवाच्या आत्या स्वतः आल्या. "माझी चॉईस बघच तू!" म्हणत भराभर दीडशे निवडले. दीडशेच्या दीडशे फोटोंत आत्या! एकात तर नवरीच दिसेना.

मी भीतभीत विचारलं, "आत्या, ह्यात नवरी कुठाय?"

"ही काय! कोपर दिसतंय न्हवं?"

मी गुपचूप नवरीला फोन लावला. ती हसायलाच लागली. "दादा, आत्यास्नी कव्हरवर घ्या. आत आमाला ऱ्हाऊ द्या!"

अल्बम गेला. आत्या अजून गावभर कव्हर दाखवत फिरतात. आत उघडून कुणाला बघू देत नाहीत.

*

तिसरा फौजीचा. तो ड्युटीवरनं व्हिडिओ कॉलवर आला.

"सिलेक्शन म्हंजे भरतीच की गड्या! ह्यो पास. ह्यो फेल. मामाचं डोळं मिटल्यात, अनफिट!"

अर्ध्या तासात दीडशे! मी खुर्चीतून उठलोच.

"बस रं खाली," फौजी म्हणाला, "मेडिकल ऱ्हायलंय." आणि त्यानं घरी असलेल्या बायकोला कॉलवर घेतलं.

मेडिकलमध्ये टिकले अकरा!

*

फौजीची भरती चौथ्या फेरीला संपली. मग चौथ्या अल्बमासाठी मी लॅपटॉप घेऊन एसटीनं सांगलीला एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं गेलो. पोत्याच्या वरची मूठ, मधली मूठ, तळातली मूठ बघून माल ठरवायची शेठना सवय. पसंती तशीच केली. पहिले पन्नास, मधले पन्नास, शेवटचे पन्नास!

पहिल्या पन्नासांत मांडव बांधणारे, मधल्यांत जेवणाची पंगत, शेवटच्यांत रिकाम्या खुर्च्या.

"शेठ, ह्यात लग्नच लागलं नाही!" मी बोलून गेलो. माझाच आवाज मला मोठा वाटला.

शेठनी माझ्याकडं बघितलं, स्क्रीनकडं बघितलं. "मग घाल की तुझ्या हातानं एक मूठ!"

मी मंगलाष्टकांची चांगली ओंजळभर घातली.

*

राहिला एक. माण तालुक्यातलं धनगराचं घर. नवऱ्याला आवडलेला फोटो नवरीला नको, नवरीचा नवऱ्याला नको. दोन वर्षं हेच. लग्नसराईला आठवडा उरला आणि एका सकाळी नवऱ्याचे आजोबा एसटीनं आले. खांद्यावर घोंगडी.

"पोरास्नी जमंना. दाव मला."

मी एकेक फोटो दाखवू लागलो. आबा एकच शब्द बोलायचे. "व्हय." "न्हाई." "न्हाई." "व्हय." दोन तास मान हलली नाही. मधेच म्हणाले, "थांब. नवरीचा धाकला भाऊ अजून कशातच आला न्हाई. मागं घे."

खरंच आला नव्हता!

"आबा, एवढं ध्यानात कसं राहतं?"

"तीनशे मेंढरं राखली. सांजचं एक कमी भरलं, तर कंचं, ते त्वांड आठवावं लागतंय."

दुपारी शेवटचा "व्हय" झाला. मी आकडा बघितला. दीडशे! एक कमी नाही, एक जास्त नाही. बापू दारात येऊन बघतच राहिले.

अल्बम लावताना माझ्या लक्षात आलं. "आबा, ह्यात तुम्ही कुठंच नाही."

"मेंढरं मोजणारा कळपात उभा ऱ्हातो व्हय?"

बापूंनी गळ्यातला कॅमेरा काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"आबा," मी म्हणालो, "जरा दारात या. उजेड चांगला आहे."

आबांनी घोंगडी सावरली. मी एकच फोटो काढला आणि कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. आबांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ घेतली.

"व्हय," म्हणाले.